वाद आणि वितंडा

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या वादसभेपुढे विद्यार्थ्यांनी एक विषय सुचविला : "विज्ञान शिकलेल्या मनुष्यास धर्माची आवश्यकता आहे काय?" विषय फलकावर लागला, आणि त्याच आठवड्यात दोन पालक आम्हांस भेटावयास आले. पहिले गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, शाळा मिशनची. वादाचे निमित्त करून आमच्या लेकरांच्या मनातला देव काढून तेथे आपला बसवाल, ही आम्हांस भीती आहे." दुसरे गृहस्थ आमच्याच मंडळीतले. ते म्हणाले, "सर, ख्रिस्ती शाळेत देवाची गरज आहे की नाही ह्यावर मुलांनी हात वर करावयाचे? उद्या माझ्या मुलाची श्रद्धा ढळली तर उत्तरदायी कोण?" दोघे दोन दिशांनी आले, परंतु मागणी एकच करून गेले : धर्म आणि राजकारण हे विषय सभेतून वगळावेत, 'खेडे बरे की शहर बरे' अशा निरुपद्रवी विषयांवर मुलांस बोलू द्यावे.

सभेची व्यवस्था आमच्याकडे असल्यामुळे मुख्याध्यापकांनी आमचे मत विचारले. दोन्ही पालक प्रामाणिक होते. त्यांची भीती खोटी नव्हती. म्हणून उत्तर देण्यास आम्ही आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत जो विचार झाला, तो ह्या अंकाच्या द्वारे सर्व पालकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

आरंभी आमचाच एक अपराध सांगणे उचित होईल. आम्ही विद्यार्थी असताना वसतिगृहाच्या सभेत 'ज्योतिष हे शास्त्र आहे काय' ह्या विषयावर वाद झाला. आम्ही विरुद्ध पक्षात होतो. आमच्यासमोर गोदाकाठच्या एका खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगा उभा राहिला. तो म्हणाला की, आपले आजोबा नक्षत्र पाहून पेरणी करितात व त्यात ते सहसा चुकत नाहीत. बोलताना 'शास्त्र' ह्या शब्दाचा उच्चार त्याच्याकडून 'शास्तर' असा झाला. आम्ही उठून तोच उच्चार तीन वेळा करून दाखविला. सभागृह हसून लोटपोट झाले. तो मुलगा खाली बसला आणि पुढे वर्षभर सभेत बोलला नाही. आम्हांस बक्षीस म्हणून एक शब्दकोश मिळाला.

पुष्कळ वर्षांनी भूगोल शिकवीत असताना आमच्या ध्यानी आले की, त्या मुलाच्या म्हणण्यात तथ्य होते. मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही पावसाची नक्षत्रे म्हणजे सूर्य आकाशाच्या कोणत्या भागात आहे ह्याची गणना होय. सूर्य मृगात सुमारे ७ जूनच्या सुमारास जातो व एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो. ऋतू सूर्यावर अवलंबून असल्यामुळे शेतकऱ्यास हे एक उपयोगी पंचांग होते. जन्मकुंडलीवरून मनुष्याचे भविष्य सांगणे ही गोष्ट निराळी. तिला पुरावा नाही, हे आम्ही आजही म्हणू. परंतु कालगणना आणि भविष्यकथन ह्यांतील भेद त्या दिवशी सभेत कोणी तरी दाखवावयास हवा होता. तो दाखविण्याची संधी त्या मुलाच्या बोलण्याने आमच्या हाती आली होती, आणि आम्ही ती हशावर उधळली. आम्ही वाद जिंकलो व सत्य हरवून बसलो.

आपल्या पूर्वजांनी ह्या प्रकारास फार पूर्वीच नाव देऊन ठेविले आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प व वितंडा. प्रमाण आणि तर्क ह्यांच्या साहाय्याने, सत्य कळावे म्हणून जो केला जातो तो वाद. काहीही करून आपला जय व्हावा म्हणून, प्रसंगी शब्दच्छलाचा आश्रय करून जो केला जातो तो जल्प. आणि स्वतःचे काहीच मत न मांडता दुसऱ्याचे केवळ मोडावयाचे, ती वितंडा. छलाचे उदाहरण शास्त्रकार मोठे मौजेचे देतात. एकजण म्हणतो, ह्या मनुष्याजवळ 'नव कंबल' आहे, म्हणजे नवे कांबळे आहे. दुसरा लगेच उत्तर देतो, ह्याच्याजवळ नऊ कांबळी कोठे आहेत, एकच तर दिसते! श्रोते हसतात, कांबळ्याचा प्रश्न मात्र जागच्या जागी राहतो. आज खिशातील मोबाइलवर धर्माविषयी व राजकारणाविषयी जे अहोरात्र चालते, त्यातील बहुतेक भाग ह्या नऊ कांबळ्यांचाच आहे, हे विद्यार्थ्यांस सांगावयास नको.

तेव्हा पालकांच्या मनातील भीतीचे खरे कारण वाद नसून जल्प आणि वितंडा ही आहेत. त्यांवर उपाय म्हणून वादच बंद करणे म्हणजे पाणी गढूळ झाले म्हणून विहीर बुजविणे होय. मुले ह्या विषयांवर बोलणार नाहीत असे थोडेच आहे? ती बोलणारच, सभेत न बोलली तर गल्लीत बोलतील. आणि तेथे प्रमाण विचारणारा कोणी नसेल.

आता आपल्या महाराष्ट्रात हे काम कसे झाले ते पाहू. धर्माविषयीचा जाहीर वाद येथे नवा नाही. १८३१ साली मुंबईत मोरभट दांडेकर ह्यांनी हिंदुधर्माच्या समर्थनार्थ पुस्तक प्रसिद्ध केले. त्यास स्कॉटिश मिशनचे डॉक्टर जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली इंग्रजी पुस्तकाने उत्तर दिले. विल्सन साहेबांच्या पुस्तकाचे नावच हिंदुधर्माचे पितळ उघडे पाडणारे अशा अर्थाचे होते. आम्ही मिशनच्या छायेत वाढलो, तरी हे म्हटल्यावाचून राहवत नाही की, अशा भाषेने शेजाऱ्याचे मन दुखावते व कान बंद होतात. परंतु त्याच पुस्तकाच्या आरंभी विल्सन साहेबांनी मोरभटांच्या पुस्तकाचे भाषांतर छापिले, हीही गोष्ट सांगितली पाहिजे. ज्याचे खंडन करावयाचे त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत वाचकांपुढे ठेवावयाचे, ही रीत अनुकरणीय आहे. नावातील तिखटपणा अनुकरणीय नाही.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८५७ च्या आरंभीच्या महिन्यांत, मुंबईच्या समुद्रकिनारी सायंकाळी लोकांचे थवेच्या थवे जमू लागले. एका बाजूस विष्णुबावा ब्रह्मचारी, म्हणजे पूर्वाश्रमीचे विष्णू भिकाजी गोखले; दुसऱ्या बाजूस ख्रिस्ती मिशनरी, आणि त्यांत रेव्हरंड जॉर्ज बोवेन. हे बोवेन अमेरिकेहून १८४८ साली आले, त्यांनी मिशनचे वेतन घेण्याचे सोडून दिले, आणि १८८८ साली मृत्यू येईपर्यंत ते स्वदेशी परतले नाहीत. विष्णुबावाही घरदार सोडलेले. दोघांपैकी कोणासही ह्या वादातून पैशाचा लाभ व्हावयाचा नव्हता. वाळूवर बसलेल्या लोकांसमोर दोन्ही पक्षांनी एकमेकांस अवघड प्रश्न विचारिले. बोवेन ह्यांनी आपला वृत्तांत त्याच वर्षी इंग्रजीत छापिला. विष्णुबावांच्या बाजूचा वृत्तांत त्यांच्या मृत्यूनंतर १८७२ साली मराठीत पुस्तकरूपाने निघाला. १८५७ च्याच मे महिन्यात उत्तरेकडे मेरठेस बंदुका सुटल्या. देशात एकीकडे शस्त्राने निर्णय लावला जात असता, दुसरीकडे परधर्मीय माणसे वाळूवर बसून शब्दांनी भांडत होती. त्या किनाऱ्यावर कोण जिंकले हे आम्ही सांगणार नाही. दोघांचीही घरे शाबूत राहिली व दोघांचीही पुस्तके आज आपणांस वाचता येतात, हेच आम्हांस मोठे वाटते.

राजकारणात आणि समाजकारणात ह्याहून श्रेष्ठ उदाहरण डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर ह्यांचे आहे. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने त्यांस अध्यक्ष म्हणून बोलाविले. पण भाषणातील मते न पटल्यामुळे परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापिले. महात्मा गांधींनी 'हरिजन' पत्रातून त्यावर टीका केली. पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा बाबासाहेबांनी गांधीजींची ती टीका आपल्याच पुस्तकात छापून तिच्यापुढे आपले उत्तर जोडिले. उत्तर सौम्य नाही. जेथे तीक्ष्ण व्हावयाचे तेथे ते तीक्ष्ण आहे. तथापि प्रतिपक्षाचे म्हणणे लपविलेले नाही. ज्यास आपल्या पुराव्याचा भरवसा आहे तो असे करू शकतो. ज्यास नाही, तो दुसऱ्याचे तोंड बंद करू पाहतो.

आपले संविधान हेही वादातूनच सिद्ध झाले, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. ९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभा प्रथम भरली आणि सुमारे तीन वर्षे चालली. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या, व त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभेपुढे मांडल्या गेल्या, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सांगितले. म्हणजे अडीच हजारांच्या जवळपास वेळा कोणी तरी उठून म्हणाले की, हे असे नको, तसे हवे. आणि सभेने ते ऐकून घेतले. त्याच भाषणात त्यांनी असाही इशारा दिला की, संविधानाचे मार्ग उपलब्ध असता रक्तपाताचे मार्ग आपण सोडून दिले पाहिजेत, आणि राजकारणात व्यक्तीची भक्ती करणे हा अधःपाताचा रस्ता आहे. पुढे १९७६ साली झालेल्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टी व चौकस वृत्ती वाढविणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिले गेले. तेव्हा आमच्या वादसभेचा हा उद्योग रिकामपणचा नाही. तो कर्तव्याचा अभ्यास आहे.

विज्ञानात पुरावा कसा तोलतात ह्याचे उदाहरण मुंबईच्या प्लेगच्या इतिहासात मिळते. १८९६ साली प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत लस तयार करू लागले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल ह्या गावी १०७ माणसांस लस टोचली गेली, आणि त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. लोकांचा क्षोभ झाला. हाफकिन ह्यांस कामावरून दूर केले गेले. येथे रागाने विचार करणारा म्हणेल, लस विषारी. आणि आंधळा कैवारी म्हणेल, लसीचा काही संबंध नाही. प्रमाणाने चालणारा मनुष्य निराळे प्रश्न विचारतो. मेलेले एकोणीसही जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. इतर बाटल्यांतील लस घेतलेले वाचले. म्हणजे दोष लसीच्या कृतीत नसून त्या एका बाटलीत होता. मग बाटली दूषित झाली ती मुंबईच्या प्रयोगशाळेत, की त्या गावी उघडताना? धनुर्वाताचे जंतू बाटलीत फार दिवस वाढले असते तर दुर्गंधी सुटली असती. उघडणाऱ्यास दुर्गंधी आली नव्हती. शिवाय बूच काढण्याचा चिमटा त्या वेळी जमिनीवर पडला होता, असे साक्षीत निघाले. सर रोनाल्ड रॉस इत्यादी शास्त्रज्ञांनी हा पुरावा मांडून लेखणी चालविली, तेव्हा १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ साली त्यांचेच नाव देण्यात आले. विद्यार्थ्यांनो, पाहा : एक पडलेला चिमटा आणि न आलेला वास ह्यांनी एका माणसाची अब्रू वाचविली. पण त्यास चार-पाच वर्षे लागली. पुराव्याची चाल मंद असते. आरोपाची चाल नेहमीच जलद.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळू. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे ह्यांनी आपल्या जिल्ह्यातील पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी रुपयांची घोषणा केली, आणि पाथरी हे साईबाबांचे जन्मस्थान म्हणून तिचा उल्लेख झाला. शिर्डीकरांस हे मान्य झाले नाही. १९ जानेवारी रोजी शिर्डी बंद राहिली, मंदिर मात्र उघडे होते. दुसऱ्या दिवशी मुंबईस बैठक झाली व वाद शमला. त्या दिवसांत आमच्या वर्गातही मुले तावातावाने बोलत होती. आम्ही त्यांस एवढेच विचारिले, "ह्यात प्रश्न किती आहेत?" ती म्हणाली, एक. आम्ही म्हटले, तीन आहेत.

पहिला प्रश्न, साईबाबांचा जन्म कोठे झाला. हा इतिहासाचा प्रश्न होय. तो कागदपत्रांनी व साक्षींनी सोडवावयाचा. गोविंद रघुनाथ दाभोलकर ह्यांच्या 'श्रीसाईसच्चरिता'त बाबांचे जन्मस्थान व मातापिता कोणास ठाऊक नाहीत असेच म्हटले आहे. उलट, बाबांनी पाथरीचा उल्लेख केल्याची म्हाळसापतींची आठवण चरित्रकारांनी नोंदविली आहे, आणि वि. बा. खेर ह्यांनी पाथरीत जाऊन चौकशी केल्यावर तेथील भुसारी कुटुंबाकडे बोट दाखविले. ह्या सर्वांचे वजन करावे. जितका पुरावा तितकेच म्हणावे. दुसरा प्रश्न, सरकारने पाथरीवर पैसा खर्च करावा काय. हा राजकारणाचा प्रश्न होय. रस्ते, पाणी, यात्रेकरूंची सोय ही पाहून तो ठरतो, आणि जन्म कोठे झाला हे न ठरताही ठरू शकतो. तिसरा प्रश्न, बाबांवर भक्ती करावी काय. हा अंतःकरणाचा प्रश्न होय. जन्म पाथरीस झाला म्हणून भक्ती वाढत नाही, न झाला म्हणून घटत नाही. तीन प्रश्नांची एकच गाठ मारिली म्हणून ती सुटेना. मुलांनी ती सोडवून तीन सुते वेगळी केली, तेव्हा वर्गातील आवाज आपोआप खाली आला.

हाच न्याय आम्ही ख्रिस्ती लोकांनीही स्वतःस लावून घेतला पाहिजे. २५ डिसेंबर हा आमचा मोठा सण. पण प्रभू येशूचा जन्म त्याच तारखेस झाला असे कोणत्याही शुभवर्तमानात लिहिलेले नाही. ती तारीख पाळण्याची चाल चौथ्या शतकात रोम येथे दिसून येते. हे आम्ही वर्गात सांगितले तेव्हा आमच्याच मंडळीतील एक मुलगी रडवेली झाली. तिला म्हटले, "बाळ, तारीख हा पंचांगाचा विषय, देव आपल्यांत आला ही आपली श्रद्धा. पहिले ढळले म्हणून दुसरे ढळत नाही." ज्या धर्मात थोमाने जखमा पाहिल्यावाचून विश्वास ठेवणार नाही असे म्हटले आणि प्रभूने त्याला हाकलून न देता जखमा दाखविल्या, ज्या धर्मात बिरुया येथील लोकांनी पौलाचे बोलणे शास्त्राशी ताडून पाहिले म्हणून त्यांची वाखाणणी झाली, त्या धर्माने प्रश्नाची भीती बाळगणे शोभत नाही. तथापि हेही खरे की, पुराव्याने सर्वच गोष्टी सिद्ध होत नाहीत. आईचे प्रेम आम्ही तराजूत घातले नाही. जे पुराव्याने ठरते ते श्रद्धेने ठरवू नये, आणि जे श्रद्धेचे आहे ते पुराव्याने सिद्ध झाल्याची बढाई मारू नये. एवढा विवेक राहिला म्हणजे पुरे.

कोणी म्हणेल की, मुले लहान आहेत, आणि वादात वाक्पटू मुलगा खोटे असूनही जिंकतो. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. आमचा शब्दकोश त्याची साक्ष देईल. म्हणूनच सभेला नियम हवेत. पण नियम शिकण्याचे वय हेच होय. पोहणे शिकविण्यापूर्वी मुलास पाण्यात पाठवू नये असे म्हणून चालत नाही.

आणि ह्या प्रश्नाचा परिणाम केवळ शाळेपुरता नाही. ह्या जिल्ह्यात, निजामी अमलात, जाहीर सभा भरविण्यास सरकारची पूर्वपरवानगी लागे. 'गश्ती निशाण ५३' ह्या फर्मानाची आठवण जुन्या माणसांच्या तोंडून आम्ही ऐकलेली आहे. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली. बोलण्याचा हक्क आपल्या आजोबा-पणजोबांनी मिळविला आहे. आणि त्याच परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्थानकासमोर, डॉक्टर आंबेडकर ह्यांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, आणि त्यानंतर अटकेत असलेल्या एका तरुणाचा १५ डिसेंबर रोजी कोठडीत मृत्यू झाला. त्या आठवड्यात वर्गात जी शांतता होती ती आम्हांस अजून ऐकू येते. कोणाचा किती दोष हे ठरविणे न्यायासनाचे काम. आम्ही त्यात पडत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या ग्रंथाचा प्रत्येक शब्द वादातून निघाला, त्याच्या प्रतिकृतीवर हात उगारला जातो, तेव्हा वाद कसा करावा हे शिकविण्यात आपण सारेच कोठे तरी उणे पडलो आहोत.

म्हणून आठ दिवसांनी आम्ही मुख्याध्यापकांस लिहून दिले की, विषय काढू नये, नियम घालावेत. नियम पाच ठरले. पहिला, प्रतिपक्षाचे म्हणणे आधी आपल्या तोंडाने असे सांगावे की तो म्हणेल, "होय, माझे म्हणणे हेच." दुसरा, प्रत्येक विधानाबरोबर ते आपणांस कसे कळले हे सांगावे, 'सर्व जण म्हणतात' व 'मोबाइलवर आले' ही प्रमाणे नव्हत. तिसरा, प्रश्न वस्तुस्थितीचा, कर्तव्याचा की श्रद्धेचा, हे आरंभीच स्पष्ट करावे. चौथा, जात, उच्चार, पोशाख, आडनाव व कोणाचाही देव ह्यांवर हसू नये. जो हसवील तो खाली बसेल. पाचवा, कोणता पुरावा पुढे आला असता आपण आपले मत सोडू, हे वक्त्याने सांगावे; ज्यास सांगता येत नाही त्याने वादास उभे राहू नये.

सभा झाली. हात वर करणे आम्ही रद्द केले. त्याऐवजी प्रत्येक वक्त्याने विरुद्ध पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा कोणता ते सांगून खाली बसावयाचे ठरले. दोन्ही पालक मागच्या बाकांवर येऊन बसले होते. आमच्या मंडळीतील त्या गृहस्थांचा मुलगा 'आवश्यकता आहे' ह्या बाजूने बोलला. शेवटी तो म्हणाला, "समोरच्या ताईने विचारिले की, धर्म मानणारे लोक धर्माच्याच नावाने एकमेकांस का मारतात. ह्याचे उत्तर आज माझ्यापाशी नाही, मी शोधीन." सभागृहात कोणी हसले नाही. पाचव्या नियमावर मात्र अर्धे वक्ते अडखळले, आणि आमच्याही मनात आले की, हा प्रश्न कोणी आम्हांस विचारिला तर आम्हीही अडखळू.

पालकांचे मत पालटले असे आम्ही म्हणत नाही. पहिले गृहस्थ जाताना एवढेच म्हणाले, "पुढच्या सभेला कळवा, मी येईन." दुसऱ्यांनी आमच्याशी त्या दिवशी बोलणे केले नाही, पण घरी गेल्यावर बाप-लेक रात्री उशिरापर्यंत त्याच प्रश्नावर बोलत बसले, असे मुलाकडून कळले. आमच्या मते सभेचे फळ ते हेच.

पालकहो, आपल्या मुलाने घरी अवघड प्रश्न विचारला तर त्यास गप्प करू नका, "तुला हे कशावरून वाटते?" एवढे शांतपणे विचारा. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्ही वादात हराल तेव्हा खिन्न होऊ नका. जो आपली चूक दाखविली गेल्यावर ती सोडून देतो, तो त्या दिवशी एक चूक कमी घेऊन घरी जातो. जिंकाल तेव्हा मात्र समोरचा कोणत्या कारणाने खाली बसला हे नीट पाहा. पुराव्याने बसला असेल तर उत्तम. हशाने बसला असेल, तर बक्षिसाचा शब्दकोश घरी नेण्यापूर्वी त्याच्याजवळ जा, आणि तो काय म्हणत होता ते पुन्हा एकदा ऐकून घ्या. आम्ही गेलो नाही. तो मुलगा आता कोठे आहे हे आम्हांस ठाऊक नाही.